काचेपलीकडचं बाळ आणि आपल्या हातातला फोन

आरोग्याचा पाठ : गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी



या वेळचा पाठ जरा मोठा आहे. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत वाचा. ज्या घरात यंदा बाळंतपण आहे, त्या घरच्या सासूबाईंना आणि बाप होणाऱ्या मुलालाही ऐकवा. विषय आहे जन्मल्याबरोबर दवाखान्यात ठेवावं लागलेलं बाळ, त्याच्या आईबापाच्या मनावरचा ताण, आणि यंत्रं आणि मोबाईल यांची त्यात होणारी मदत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. घरच्यांना विचारून सांगते आहे, पण नावं मुद्दाम देत नाही.

मी नागपूरला मनीषनगरमध्ये खोली करून राहते. आपल्या प्रभागातलं कोणी दवाखान्यासाठी शहरात आलं की मला हमखास फोन येतो. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला असाच एक फोन आला, आपल्याच एका गटाच्या सचिव काकूंचा. सुनेला आठव्या महिन्यातच कळा आल्या, तालुक्याच्या दवाखान्यात सिझर झालं. मुलगा झाला, वजन १४०० ग्रॅम. श्वास नीट घेत नव्हता म्हणून १०८ ची गाडी बोलावून त्याला नागपूरला हलवलं. बाप बाळासोबत गेला. त्याची मावशी मनीषनगरला राहते, त्याची रात्रीची सोय तिथे झाली. आई मात्र तालुक्यालाच राहिली, टाके पडलेले, उठायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकू म्हणाल्या, "जेवत नाही, बोलत नाही." मी जवळ बसले. काकू पाणी आणायला गेल्या तशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, खरं सांगा. लेकरू गेलं ना? हे सारे मले लपवून राहिले."

बाळ जिवंत होतं. पण तिने ते एकदाही पाहिलं नव्हतं. नवरा फोनवर सांगायचा, "सगळं ठीक आहे, तू काळजी नको करू." त्याला वाटायचं, जास्त सांगितलं तर ती घाबरेल. आणि तो जितकं कमी सांगायचा, तितका तिचा संशय वाढत जायचा. सासू, नवरा, नणंद सगळे तिच्या मायेपोटीच गप्प होते. त्या गप्प राहण्यानेच ती खचत होती.

तिसऱ्या दिवशी बापाने वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं, "तिकडे तिची आई आहे, तिला दाखवायला थोडा व्हिडिओ काढू का?" सिस्टर म्हणाल्या, "काढा, पण फ्लॅश बंद ठेवा आणि दुसऱ्या कोणाचं बाळ त्यात येऊ देऊ नका." पंधरा सेकंदांचा व्हिडिओ आला. त्यात एक इवलासा पाय आहे, पायाला लाल दिवा बांधलेला आहे, आणि तो पाय एकदा झटका देऊन वर उचलला जातो. बस, एवढंच.

तिने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते मी मोजलं नाही. आधी रडली, मग पदराने तोंड पुसलं आणि सासूला म्हणाली, "आई, वाटी द्या. दूध काढून पाहते."

म्हणूनच हा पाठ लिहायला घेतला.

आईला एवढा ताण का येतो?

दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं, वजनाने फार कमी, श्वासाचा त्रास असलेलं किंवा कावीळ वाढलेलं बाळ एसएनसीयूत ठेवतात. एसएनसीयू म्हणजे विशेष नवजात शिशु काळजी कक्ष. जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांत तो असतो. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांत आपल्या भागातली अशी बाळं जातात. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने हा हक्क दिला आहे.

तरी आईच्या डोक्यात भुंगा असतोच. बाळ आपल्या कुशीत नाही. आत काय चाललं ते कळत नाही. नळ्या, दिवे, टूं-टूं आवाज. बाहेर कोणी म्हणतं, "पोटात असताना काही वजनदार उचललं असशील." कोणी ग्रहणाचं बोलतं. दोष सगळा तिच्यावर. आणि आपल्या विदर्भातल्या बायकांच्या मनात आणखी एक भीती आहे. ९ जानेवारी २०२१ ला पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या याच कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ज्या आईला ते आठवतं, ती घाबरली तर तिला वेडी म्हणू नका. रात्री आत कोण असतं, आमचा नंबर तुमच्याकडे लिहिलेला आहे का, आम्ही कुठे थांबायचं, हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे.

ताणाचा परिणाम दुधावरही होतो. दूध तयार होणं एक आणि ते स्तनातून सुटणं दुसरं. आई फार घाबरलेली असली, दुखत असलं, झोप नसली की दूध सुटायला अडतं. बाळ दिसलं, त्याचा आवाज ऐकला, त्याच्या कपड्याचा वास आला की ते सुटायला मदत होते. म्हणून त्या पंधरा सेकंदांना मी करमणूक म्हणत नाही. कमी दिवसांच्या बाळाला आईचं दूध औषधासारखंच असतं, आणि त्या व्हिडिओने ते मिळायला हातभार लावला.

आतली यंत्रं काय करतात?

जे कळत नाही त्याची भीती जास्त वाटते. म्हणून आतल्या यंत्रांची ओळख करून घेऊ.

वॉर्मर : वरून ऊब देणारं उघडं पाळण्यासारखं यंत्र. छोट्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, ते लवकर गार पडतं. त्याच्या पोटावर चिकटवलेली तार अंगाची ऊब मोजते, त्यावरून यंत्र उष्णता कमी-जास्त करतं. बाळ उघडं दिसलं म्हणून "लेकराला थंडी वाजत असेल" असं वाटून घेऊ नका.

निळा दिवा : काविळीसाठी. डोळ्यांवर पट्टी बांधलेली दिसते ती उजेडापासून डोळे जपायला. डोळ्याला काही झालेलं नसतं. या दिव्याने बाळ भाजत नाही.

पायाचा लाल दिवा : याला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात. रक्तात ऑक्सिजन किती आणि नाडी किती, हे तो दाखवतो. कोरोनात आपण बोटाला लावत होतो, तोच प्रकार. आपल्याला वाटतं आकडा १०० असावा. पण ऑक्सिजन चालू असलेल्या कमी दिवसांच्या बाळाचा आकडा डॉक्टर साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात, कारण जास्तीचा ऑक्सिजन त्याच्या डोळ्याच्या पडद्याला घातक ठरू शकतो. म्हणजे ९३ पाहून रडू नका.

नाकातली नळी (सीपॅप) : बाळाचं फुप्फुस मिटून जाऊ नये म्हणून हवेचा हलका दाब देते. श्वास बाळ स्वतःच घेत असतं.

सलाईनचा पंप : थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो. एवढ्याशा जिवाला जास्त पाणी गेलं तरी त्रास होतो.

आता त्या टूं-टूं आवाजाबद्दल. बाळाने पाय हलवला, तार सुटली, सलाईन संपत आलं, तरी यंत्र वाजतं. प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. आवाज आला की यंत्राकडे पाहण्यापेक्षा सिस्टरकडे पाहा. त्या शांतपणे येऊन तार नीट करत असतील तर तुम्हीही शांत राहा. आणि विचारा, "हे काहून वाजलं?" विचारलं म्हणून कोणी खाऊन टाकत नाही.

वजनाचंही असंच. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन कमी होतं. दिवस भरलेल्या बाळाचं दहा टक्क्यांपर्यंत, कमी दिवसांच्याचं त्याहून थोडं जास्तही. जन्माचं वजन परत यायला साधारण दोन आठवडे लागतात. हे माहीत नसलं तर "१४०० चं १२८० झालं" हा निरोप आईच्या काळजात सुरी घुसल्यासारखा लागतो. आपल्या गोष्टीतल्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे पयलेच कोणी सांगितलं असतं तर मी दोन रात्री झोपली असती."

फोनची तीन चांगली कामं

पहिलं काम, बाळ दाखवणं. आई एका गावात आणि बाळ दुसऱ्या गावात असलं की हे काम सगळ्यात मोठं. जगात यासाठी वेगळ्या सोयी निघाल्या आहेत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या बालरुग्णालयात २०१७ पासून सिस्टरच बाळाचा छोटा व्हिडिओ काढून सुरक्षित पद्धतीने आईबापाला पाठवू लागल्या. काही देशांत बाळाच्या पाळण्यावर कॅमेरा असतो, आई घरून पाहते. आपल्याकडे असा कॅमेरा नसला म्हणून अडत नाही. बापाच्या फोनवरचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओसुद्धा तेच काम करतो. मात्र सिस्टरची परवानगी घ्यायची, हात धुवायचे, फोन पुसायचा, फ्लॅश बंद ठेवायचा आणि शेजारचं बाळ त्यात येऊ द्यायचं नाही. काही कक्षांत फोन नेताच येत नाही. तिथे भांडू नका. फोटोऐवजी बाळाला गुंडाळलेलं फडकं मागा आणि आईकडे न्या.

दुसरं काम, खरी खबर आणणं. "सगळं ठीक आहे" ही खबर नव्हे. आम्ही त्या बापाला पाच प्रश्न लिहून दिले. रोज भेटीच्या वेळी तेवढेच विचारायचे:

१. आज वजन किती?
२. दूध किती वेळा आणि किती दिलं, नळीने की वाटी-चमच्याने?
३. श्वासाला मदत चालू आहे की काढली?
४. आज नवीन काय केलं, आणि का?
५. उद्या काय पाहायचं आहे?

डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारून त्यांचं उत्तर आवाजात रेकॉर्ड केलं तर आणखी चांगलं. घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं निम्मं आठवत नाही. रेकॉर्ड केलेलं आई पुन्हा ऐकू शकते, आणि ज्या सासूबाईंना वाचता येत नाही त्याही ऐकू शकतात. न विचारता चोरून रेकॉर्ड करू नका. त्याने विश्वास तुटतो आणि पुढच्या बाईला कोणी काही सांगत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाईट खबरही आईपासून लपवायची नाही. "आज पुन्हा नळी लावावी लागली, डॉक्टर म्हणाले दोन दिवस पाहू," असं सांगा. सोबत बसून सांगा. खरं माहीत असलं की माणूस तयारी करतो. अंधारात ठेवलं की तो दर मिनिटाला वाईटाचाच विचार करतो.

तिसरं काम, आठवण देणं आणि शिकवणं. बाळ दूर असलं तरी आईने दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी दूध काढायचं असतं, नाहीतर ते आटत जातं. त्यासाठी फोनवर आठ गजर लावून द्या. आपल्या गोष्टीतल्या आईच्या फोनवर नणंदेने गजरांना नावं दिली होती, "बाळाचा चहा", "बाळाचा नाश्ता". रात्री दोनचा गजर "बाळाची शिदोरी". ती पहिल्यांदा हसली ते हे वाचून. काढलेलं दूध कशात ठेवायचं, किती तास चालतं, आत कोणाकडे द्यायचं हे त्या-त्या दवाखान्याच्या सिस्टरला विचारा.

शिकवण्यासाठी सरकारची 'किलकारी' सेवा आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ आवाजी निरोप फोनवर येतात. साधा बटणाचा फोनही चालतो. २०२४ पासून ती महाराष्ट्रातही सुरू झाली आहे. पण निरोप त्याच नंबरवर येतो जो आशाताईने किंवा एएनएम सिस्टरने नोंदवलेला असतो. आता मला सांगा, तुमच्या घरी कोणाचा नंबर दिलेला आहे? नवऱ्याचा. तो नंबर घेऊन तो शेतात किंवा कामावर जातो, आणि निरोप तिकडेच राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. म्हणून नोंदणी करताना विचारा, हा फोन दिवसा आईच्या हातात असतो का? नसेल तर ज्या सासूच्या, नणंदेच्या हातात असतो तिचा नंबर द्या.

फोन ताण वाढवतो तेव्हा

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये.

तो पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मला आला आणि मला भरून आलं. मी तो आपल्या एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या काकूंच्या नातवासाठी प्रार्थना करा." मन चांगलंच होतं. तासाभरात तो कुठल्या कुठे गेला. एकीने लिहिलं, "एवढंसं जगते का?" एकाने गुटीची कृती पाठवली. कोणीतरी लिहिलं, पोटावर डागलं की बाळ धरते. संध्याकाळी बाळाच्या आईच्या माहेरून तिला फोन, "तुझ्या लेकराचा व्हिडिओ आमच्या गावात फिरून राहिला." ती पुन्हा भिंतीकडे वळली. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, माया आधी साऱ्या गावानं पाह्यलं त्याले." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

म्हणून नियम करा:

बाळाचा फोटो किंवा व्हिडिओ आधी आईकडे. पुढे कोणाला पाठवायचा ते तीच ठरवेल. ती नाही म्हणाली तर विषय संपला.

खबर देणारा एकच माणूस ठरवा, आणि वेळही एकच ठरवा, समजा संध्याकाळी सहा. बाकीच्या नातेवाइकांनी त्यालाच विचारायचं. दिवसभर चाळीस फोन उचलून "कसं आहे?" याचं उत्तर देणारा बाप रात्री कोसळतो. तोही माणूस आहे, त्यालाही कोणीतरी विचारा, "तू जेवला का?"

रात्री अंथरुणात पडून "१४०० ग्रॅमचं बाळ वाचतं का" असं यूट्यूबवर शोधू नका. तिथे दुसऱ्यांच्या बाळांच्या गोष्टी असतात, तुमच्या बाळाची नसते. प्रश्न कागदावर लिहा, सकाळी डॉक्टरांना विचारा.

डागणं, घुटी, जन्मघुटी, मध असं काहीही बाळाला करू नका, देऊ नका. डागल्याने बाळ बरं होत नाही, जखम होते आणि जंतू शिरतात. मेळघाटात 'डंबा' देण्याच्या प्रथेने किती लहान जिवांचे हाल होतात, हे आपण बातम्यांत वाचतोच.

"दवाखान्यातून बोलतो, बाळासाठी ताबडतोब पैसे टाका" असा फोन आला तर पैसे टाकू नका, ओटीपी सांगू नका. वॉर्डात असलेल्या आपल्या माणसाला फोन लावून खात्री करा. घाबरलेल्या घराला लुबाडणं सोपं असतं.

आणि सारखं पाहत राहण्याचीही सवय लागते. जिथे पाळण्यावर कॅमेरे आहेत तिथेही काही आईबापांना दिलासा मिळतो, तर काहींची झोप उडते. ती रात्रभर पडद्यावरचा श्वास मोजत बसतात. पाहायची वेळ ठरवा. पाहून झालं की फोन दुसऱ्याच्या हाती द्या आणि आईला झोपू द्या.

फोनला जे जमत नाही

फोन बाळ दाखवतो, पण बाळाला ऊब देत नाही. ते काम आईच्या छातीचंच. १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात वॉर्मर कमी पडत होते. तिथल्या डॉक्टरांनी छोटी बाळं आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. हेच कांगारू मदर केअर. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतासह पाच देशांतली १००० ते १७९९ ग्रॅम वजनाची बाळं होती. जन्मल्यानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना आधी यंत्रात ठेवून स्थिर झाल्यावर छातीशी दिलं, त्यांच्याशी ही तुलना होती. यंत्र हवंच, पण यंत्र आणि आई दोन्ही मिळून काम करतात.

आपल्या सरकारनेही हे मान्य केलं आहे. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 'कुटुंब सहभागी काळजी'च्या सूचना काढल्या. आईबापाला हात धुवायला शिकवून, गाऊन घालून आत घ्यावं, दूध पाजणं, स्वच्छता, कांगारू पद्धत त्यांच्याकडून करून घ्यावी, असं त्यात आहे. शिकवण्यासाठी व्हिडिओही आहेत. म्हणून नम्रपणे पण ठामपणे विचारा, "सिस्टर, आम्हाला आत येऊन शिकायचं आहे. कधी येऊ?" गर्दी असेल, आज जमणार नाही असं म्हणतील. उद्या पुन्हा विचारा.

आपल्या गोष्टीतली आई चौथ्या दिवशी सुटी घेऊन मनीषनगरला मावशीकडे आली. तिथून रोज दवाखान्यात जायची. त्याच आठवड्यात घरी पाचवी होती. आजीने गावात सटवाईची पूजा मांडली, बाळाच्या जागी पाटावर फोन ठेवला आणि त्यात तो पंधरा सेकंदांचा पाय. काही बायका हसल्या. काकू म्हणाल्या, "हसा. सटवाईले बी समजते, लेकरू दवाखान्यात हाय म्हणून." सातव्या दिवशी पहिल्यांदा बाळ आईच्या छातीवर ठेवलं. त्या दिवशी तिने फोन हातातही घेतला नाही.

बाळ घरी आल्यावर

अठ्ठावीस दिवसांनी बाळ १७०० ग्रॅमचं होऊन सुटलं. सुटी झाली की ताण संपतो असं वाटतं, पण तेव्हा वेगळा ताण सुरू होतो. आत सिस्टर होत्या, घरी कोण? इथे आपल्या विदर्भानेच जगाला वाट दाखवली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली. १९९९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई बाळाच्या घरी भेटी देते, तिची मुळं तिथे आहेत. श्वास मोजायला त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन बनवलं होतं, अक्षर न येणाऱ्या दाईलाही जमेल असं. तंत्रज्ञान म्हणजे महागडी वस्तूच हवी असं नाही.

आज तुमच्या फोनमध्ये घड्याळ आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. ६० किंवा त्याहून जास्त आलं तर पुन्हा एकदा मोजा. तेवढंच आलं तर दवाखाना गाठा. थर्मामीटर घरी ठेवा. काखेत ३६.५ ते ३७.५ डिग्री सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे ठीक. दूध ओढत नाही, सुस्त पडलं, आचके आले, छाती आत ओढली जाते, अंग गार किंवा तापलेलं, तळहात-तळपाय पिवळे, यांपैकी काहीही दिसलं तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नका. १०८ लावा.

आणखी एक गजर लावा, डोळ्यांच्या तपासणीचा. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. ही तारीख चुकली तर दृष्टी जाऊ शकते. सुटीच्या कागदावर तारीख लिहिलेली नसेल तर मागून घ्या. त्या कागदाचा फोटो काढून आईच्या आणि बापाच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कागद भिजतो, हरवतो.

मन भरून येणं आणि मन आजारी होणं

बाळंतपणानंतर काही दिवस उगाच रडू येतं, ते ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही आई उदास असेल, झोप नाही, भूक नाही, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही, "मी नसते तर बरं" असं बोलत असेल, तर तो आजार आहे. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. २०२२ पासून चालू आहे. आरोग्याचा साधा सल्ला १०४ वर मिळतो. पण जीव द्यायची भाषा आली तर त्या बाईला एक मिनिटही एकटी सोडू नका आणि थेट दवाखान्यात न्या.

आपल्या गटाने काय करावं?

गटातल्या घरचं बाळ दवाखान्यात गेलं की पुढची पाच कामं वाटून घ्या:

१. एकीने आईजवळ बसायचं. सल्ले न देता ऐकायचं.
२. एकीने घरच्यांसोबत बसून पाच प्रश्नांचा कागद तयार करायचा, खबरेचा माणूस आणि वेळ ठरवायची.
३. आईकडे फोन नसेल तर तेवढे दिवस कोणाचा तरी जुना फोन, चार्जर आणि रिचार्ज द्यायचा. गरज पडल्यास ग्रामसंघाच्या व्हीआरएफमधून मदतीचा ठराव घ्यायचा. नागपूरला जायच्या भाड्याचाही त्यात विचार करायचा.
४. एकीने आशाताईला कळवायचं आणि सुटीनंतरच्या भेटींचा पाठपुरावा करायचा.
५. सगळ्यांनी शपथ घ्यायची, बाळाचा फोटो पुढे पाठवणार नाही.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

तुमच्या घरी आजारी माणसापासून खरं लपवलं गेलं आहे का? त्याचं काय झालं?
आशाताईकडे तुमच्या सुनेचा नंबर आहे की मुलाचा?
गावात फिरलेला एखादा फोटो ज्याचा होता, त्याला विचारलं होतं का?

परवा काकूंच्या घरी गेले होते. बाळ आता पाच किलोच्या पुढे गेलं आहे. माझ्याकडे पाहून हसलं, तसा माझा हात सवयीने फोनकडे गेला. मग थांबले आणि त्याच्या आईला विचारलं, "काढू का?"

ती म्हणाली, "काढा ना ताई. पण पयले मले दाखवा."

तुमची,
क्षेत्र समन्वयक ताई